माठातलं पॅरामेशियम

हे प्रकरण मी शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, पण ते होणे नाही. सून म्हणते, "आई, एवढी वर्षं झाली त्याला, आता जरा गोडीत लिहा ना." गोडीत काय लिहू? जो जीव नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही, त्याच्या लांबीरुंदीवरून माझ्या घरात भांडणं झाली, माझी हातची नोकरी गेली, आणि आमची अक्का मरेपर्यंत स्वतःला दोष देत राहिली. जिचा काडीचा दोष नव्हता, ती. आणि ज्यांचा होता, त्यांच्या गळ्यात हार पडले. माझे कॉलेजातले सरोदे सर गेले तेव्हा पेपरात त्यांच्यावर केवढा लेख आला होता! त्यात त्या 'संशोधना'चा उल्लेख होताच. मी तो पेपर वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. तेव्हा गोडीचं राहू द्या. मी जसं झालं तसं सांगते.

आमचं घर असोद्याला. जळगाव इतकं जवळ, की सकाळी एसटी पकडली तर डब्यातली पोळी गरम असतानाच कॉलेजला पोचायचं. घरात भाऊ म्हणजे माझे वडील, आई, धाकटे दोघे भाऊ आणि अक्का. अक्का वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा झाली आणि माहेरी आली, ती घराचा खांब होऊनच राहिली. भाऊंचा केळीचा मळा होता, त्यामुळे आमच्याकडे वर्षभर केळीच्या पानांचं राज्य. पंगतीला पान, माठावर झाकायला पान, उन्हात डोक्यावर धरायलाही पान. पहाटे मळ्याकडून इंजिनाचा ठकठक आवाज यायचा, आणि तो थांबला की आई म्हणायची, "पानी गेलं वाटते विहिरीचं." एप्रिलमध्ये गच्चीवर बिबड्यांचं वाळवण पडायचं. ज्वारीचे ते पातळ पापड राखायला अक्का छत्री घेऊन बसायची, कावळ्यांना आणि आम्हाला सारख्याच शिव्या द्यायची. ऊन असं, की गच्चीवर अनवाणी पाय ठेवला तर माय आठवायची.

पाण्याचं खातं अक्काकडे होतं. त्यात कुणी हात घालायचा नाही. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की पाणी चहासारखं लालसर यायचं. अक्का सगळे माठ, घागरी, हंडे ओळीनं मांडायची, तुरटीचा खडा हातात घ्यायची आणि एकेका भांड्यात हात घालून गोल गोल फिरवायची. तिच्या फिरवण्यालाही ताल होता, तोंडानं काहीतरी पुटपुटत असायची. मग भांडं हलवायचं नाही, झाकून ठेवायचं. गाळ तळाशी बसला की वरचं पाणी असं नितळ, की माठाचा तळ दिसावा. आमच्याकडे आलेल्या माणसाला, मग तो केळीचा व्यापारी असो की बांगड्या विकणारी, गढूळ पाणी कधी दिलं नाही. त्यात तिचा सगळा अभिमान होता आणि तो रास्तच होता.

मी जळगावच्या एका कॉलेजात एमएस्सीला होते, प्राणिशास्त्र. वर्गात मुली मोजक्याच. सरोदे सर आमचे गाइड. मूळचे धुळ्याकडचे, पण बोलायचे असं छापील मराठी, की वाटावं पुण्यातच जन्मले. शिकवायचे मात्र फार सुरेख, ते नाकारून चालणार नाही. रागावलेली असले तरी खोटं लिहिणार नाही. फळ्यावर दोन्ही हातांनी एकदम चित्र काढायचे, डावा हात डावी बाजू, उजवा हात उजवी. मायक्रोस्कोपमध्ये पाहायला त्यांनीच मला शिकवलं. एक डोळा मिटायचा नाही, दोन्ही उघडे ठेवायचे. पहिल्यांदा मी आमच्या गुरांच्या हौदातलं हिरवं पाणी स्लाइडवर घेतलं आणि आत पाहिलं, तेव्हा चपलांच्या तळव्यांसारखे जीव इकडेतिकडे पळताना पाहून मी ओरडलेच. पॅरामेशियम! एका पेशीचा अख्खा प्राणी. त्याला तोंड, त्याचं जेवण, त्याची घाईसुद्धा. सर हसले आणि म्हणाले, "नुसतं पाहून काय होतं? मोजा."

मग मी मोजायला लागले. काम सांगायला सोपं आहे. आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, काचेवर कोरलेली बारीक पट्टी असते, तिच्यावर प्राणी धरायचा, लांबी बघायची, पोटाची रुंदी बघायची, मग आकारावरून गट पाडायचे. लांबट, रुंद, टोकदार, बोथट. पण तो प्राणी एका जागी राहील तर ना! सुळकन पट्टीवरून निघून जायचा. मग मी घरून बोंडातला कापूस न्यायचे, त्याचे तंतू सोडवून स्लाइडवर पसरायचे आणि त्या जाळीत त्यांना अडकवायचे. सरांना ते भारी आवडलं होतं. दिवस दिवस त्या खोलीत बसून मान आखडायची, डोळ्यांसमोर रात्री जेवतानाही तळवे पळायचे. आई म्हणायची, "पमे, ताटात पाह्य, भिंतीकडे काय पाहू राह्यली?" माझ्यासारखं सुखी त्या वेळी जळगाव जिल्ह्यात कुणी नसेल.

त्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतल्या बाटल्या मेल्या. पत्र्याचं छप्पर, वीज गायब, पंखा बंद. काचेच्या बाटल्यांतलं पाणी असं तापलं, की एका सोमवारी येऊन पाहते तर सगळे प्राणी खलास. एकच बाटली वाचली होती. मी ती रडत रडत घरी आणली आणि माजघरातल्या कोपऱ्यात, जिथे भर उन्हाळ्यातही गारवा असायचा, तिथे एका मातीच्या माठात ओतली. वरून हौदाचं पाणी, उकळलेल्या पेंढ्याचं पाणी, आणि झाकायला केळीचं पान. रोज पहाटे त्यातलं थोडं लहान बाटलीत घ्यायचं आणि एसटीनं कॉलेजला. अक्कानं विचारलं, "काय पाळलं त्याच्यात?" मी म्हटलं, "जीव आहेत अक्का, बारीक. सांभाळायचे आहेत." तिनं वाकून माठात पाहिलं, काही दिसलं नाही. पण मान हलवून म्हणाली, "सांभाळू मंग." तिनं ते ज्या मनापासून म्हटलं, ते मला अजून ऐकू येतं.

हळूहळू माझी मापं बदलायला लागली. माठातले पॅरामेशियम बारीक होत चालले. लांबी थोडी कमी, रुंदी तर अर्ध्यावर. तळव्याचा आकार जाऊन शेवेच्या तुकड्यासारखे दिसायला लागले. मी ज्या गटांत त्यांना बसवत होते, त्यांतल्या कशातच ते बसेनात. मी घाबरून सरांना दाखवलं. ते कितीतरी वेळ आयपीसवरून डोळा काढेनात. मग उठले, खोलीत एक चक्कर मारली आणि म्हणाले, "प्रमिला, हा वेगळा प्रकार आहे. हा पुस्तकात नाही." आमच्या हौदातला, असोद्याचा, पुस्तकात नसलेला प्राणी! सरांनी दुसऱ्याच दिवशी नावही ठरवलं. संस्थेच्या अध्यक्षांच्या साठीचा सोहळा जवळ आला होता. नव्या प्रकाराला त्यांचं नाव द्यायचं, गौरवग्रंथात लेख छापायचा, स्टेजवर जाहीर करायचं. आणि अध्यक्ष खूश झाले की विभागाला नवा मायक्रोस्कोप. सर कित्येक वर्षं त्या मायक्रोस्कोपसाठी अर्ज करत होते आणि ऑफिसात त्यांच्या अर्जांवर चहाचे कप ठेवले जात होते. मला म्हणाले, "जूनपासून डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघतेय. ती तुमची. मी बोललोय." मी घरी येऊन सांगितलं तेव्हा भाऊ गल्लीभर पेढे वाटून आले. जागा मिळाली नव्हती, नुसती बोलली होती, तरी!

मग एक दिवस एसटीचा संप झाला आणि मी घरीच राहिले. सकाळची वेळ. आई चुलीशी, मी ओसरीत केस विंचरत होते. माजघरातून अक्काचं पुटपुटणं ऐकू आलं म्हणून सहज आत गेले. अक्का माझ्या माठात कोपरापर्यंत हात घालून तुरटी फिरवत होती.

"अक्का! काय करू राह्यली?"

"काय म्हंजे? तुरटी फिरवू राह्यली. दिसत नही का?"

"माह्या माठात?"

"तुह्या माठातबी फिरवते ना रोज. तू गाडीले गेली का मंग. पाह्य ना कसं गढूळ व्हतं पानी. मुक्या जिवाइले असं घान पानी पाजतं का कोनी? तूच सांगतलं ना, सांभाळजो म्हून."

मला आधी हसू आलं. इतकं, की मी भिंतीला टेकून खाली बसले. अक्काही हसायला लागली, कशाला ते न कळता. मग माझं हसू थांबलं. कारण तो गढूळपणा म्हणजेच त्यांचं जेवण होतं. कुजक्या पेंढ्यावर वाढणारे जंतू खाऊन पॅरामेशियम जगतो. तुरटीनं ते सगळे जंतू गाळाबरोबर तळाशी नेऊन बसवले होते, रोज, न चुकता. पहाटेच्या अंधारात बाटली भरताना मला ते कधी दिसलं नव्हतं. वरच्या नितळ पाण्यात माझे प्राणी उपाशी फिरत होते. वेगळा प्रकार कसला आणि पुस्तकात नसलेला कसला! उपाशी ठेवलं की कुणीही बारीक होतं, त्यासाठी नवं नाव द्यावं लागत नाही.

खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही, हेही सरांनीच शिकवलेलं. मी माठातले प्राणी दोन बाटल्यांत घेतले. एकीत पेंढ्याचं दाट पाणी, दुसरीत तुरटीचं. आठवडाभरात पहिल्या बाटलीतले फुगून पुन्हा चपलांचे तळवे झाले, दुसरीतले शेवच राहिले. मी मापांची पानं लिहून सरांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला खरंच वाटलं होतं की ते कपाळाला हात लावतील, हसतील, म्हणतील, बरं झालं वेळेत कळलं. किती मूर्ख होते मी! सरांनी पानं वाचली. पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग दार लोटून घेतलं.

"ही बाटली दूषित झाली असेल. बाहेरचे प्राणी आले असतील."

"सर, दोन्ही बाटल्या एकाच माठातल्या. एकाच दिवशी भरल्या."

"तुमची आत्या म्हणते ते शास्त्र झालं का?"

"आत्या काही म्हणत नाही सर. मापं म्हणतात."

तेव्हा त्यांचं ते छापील मराठी गळून पडलं आणि आतली अहिराणी बाहेर आली. टेबलावर हात आपटून ओरडले, "काय शे हाई? बठ्ठं वाटोळं करी टाकं तू! ग्रंथ छापाले गया, नाव दिधं, आते काय सांगू मी त्यास्ले?" मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. क्षणभर मला त्यांची कीवसुद्धा आली. धुळ्याकडच्या कुठल्या खेड्यातून कष्टानं वर आलेला माणूस, आणि हातातोंडाशी आलेला घास. पण पुढच्याच वाक्याला ते पुन्हा छापील झाले. म्हणाले, "प्रमिला, नोकरी हवी आहे ना? मग तुरटी विसरा." ती कीव तिथेच संपली, ती आजतागायत परत आलेली नाही.

मी विसरणार नाही हे त्यांना कळलं असावं. कारण रविवारी ते आमच्या घरी आले. न सांगता, स्कूटरवरून, हातात द्राक्षांचा पुडा. भाऊंना काय करू नि काय नको झालं. कॉलेजचे सर घरी! वांग्यांचे दिवस नव्हते, नाहीतर भरितावरच भागलं असतं. आंब्यांचे दिवस, म्हणून अक्कानं खापर चुलीवर पालथं घातलं आणि मांडे केले. दोन्ही हातांवर पुरणाचा मांडा फिरवत फिरवत एवढा मोठा करायचा, की कोपरापर्यंत यावा, आणि मग अलगद खापरावर टाकायचा. सर पाहत राहिले. रसात बुडवून पोटभर जेवले, अक्काच्या हाताची तारीफ केली. "असे मांडे धुळ्यातसुद्धा नाही मिळत अक्का." अक्का पदरानं तोंड झाकून हसली. मी वाढत होते, आणि हे कशासाठी चाललंय ते मला एकटीलाच कळत होतं.

जेवण झाल्यावर ते भाऊंना म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण हट्टी. साधी गोष्ट आहे. जागा तिची पक्की आहे, फक्त तिनं तोंडी परीक्षेत नको ते बोलू नये." मग अक्काकडे वळले. आवाज अगदी मऊ. "अक्का, तुम्ही त्या माठात काही टाकलं नव्हतं ना? वयोमानानं माणसाला आठवत नाही. दुसऱ्या माठात टाकली असेल तुरटी."

अक्का सुपारी कातरत होती. हात थांबला. "मले नही आठवत? रोज टाकली सर. माह्या या हातानं. नही टाकली असं कसं सांगू?"

"अक्का, तू गप्प ऱ्हाय," भाऊ म्हणाले.

मी माझ्या आयुष्यात भाऊंना अक्काशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. थोरली बहीण होती ती त्यांची. त्यांना कडेवर घेऊन वाढवलेली. घरातलं पाणी तिला विचारल्याशिवाय हलत नव्हतं. आणि एका परक्या माणसासमोर, तिच्याच हातचे मांडे खाऊन ढेकर दिलेल्या माणसासमोर, भाऊ तिला गप्प बस म्हणाले. अक्का उठली, सुपारीचं तबक उचललं आणि आत गेली. मी भाऊंना म्हटलं, "ती खरं बोलतेय." भाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाले, "खरं-खोटं तुले जास्त समजते का सरांपेक्षा? सरकारी पगारासारखा पगार मिळू राह्यला. तुरटी टाकली का नही टाकली, कोनाचं काय जाऊ राह्यलं?" सर चपला घालताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "विचार करा." मी पाठ काढून घेतली.

कोनाचं काय जाऊ राह्यलं! हे वाक्य मी नंतर जन्मभर ऐकलं. शाळेत, ग्रामपंचायतीत, लग्नाच्या बैठकीत. ज्यांचं जातं त्यांना कुणी विचारत नाही, म्हणून ते इतकं सोपं वाटतं. मला वाटायचं, माझं काम मोजायचं आहे. मापं खोटी द्यायची तर मग त्या अंधाऱ्या खोलीत मान मोडून बसायचं कशाला? घरी बसून आकडे रचले असते, बिबडे राखत.

तोंडी परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले. सफारी घातलेले, केसांना रंग लावलेले, बोलायला गोड. सर शेजारी बसलेले. माझा प्रबंध बांधून टेबलावर होता. मी तो चाळला आणि पाहिलं, दोन बाटल्यांच्या प्रयोगाची पानं त्यात नव्हतीच. बाइंडिंगला जाताना काढली गेली होती. परीक्षकांनी विचारलं, "हा सडपातळ प्रकार तुम्हाला कुठल्या पाण्यात मिळाला?" सर घाईनं म्हणाले, "असोद्याच्या स्थानिक जलाशयात." मी म्हटलं, "नाही सर. आमच्या घरच्या माठात. त्यात रोज तुरटी फिरवली जात होती. हे प्राणी उपाशी होते. खायला दिल्यावर ते नेहमीसारखे झाले. ती पानं मी लिहिली होती, ती यातून काढलीत."

सरांनी खिशातून रुमाल काढला. परीक्षकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, आणि मी शपथेवर सांगते, त्या माणसाला सगळं समजलं होतं. त्याच्या डोळ्यांत दिसलं मला ते. पण त्यानं चष्मा परत लावला आणि म्हणाला, "बाई, प्रामाणिकपणा छानच आहे. पण माझ्यासमोर जे छापून आलंय, तेवढंच मी तपासतो." मग सरांना म्हणाला, "पुढचा विद्यार्थी पाठवा." सरोदे सरांनी निदान काहीतरी मिळवण्यासाठी खोटं केलं. या माणसाला तर काही मिळायचंही नव्हतं. त्याला फक्त जेवणाची वेळ गाठायची होती. त्याचा राग मला सरांपेक्षा जास्त येतो.

पास झाले. मार्क असे, की पुढे कुठे अर्ज करायला तोंड राहू नये. डेमॉन्स्ट्रेटरची जागा दुसऱ्याला गेली. मी सरांना एवढंच लिहून कळवलं, की लेखात माझं नाव घालायचं नाही. ते त्यांनी आनंदानं मान्य केलं. सोहळा झाला, नाव जाहीर झालं, टाळ्या झाल्या. लेखात चित्र मात्र मीच काढलेलं छापलं, खाली सरांचं नाव. नवा मायक्रोस्कोप आला, तो कुलपाच्या कपाटात गेला. मी दोंडाईच्याला शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तिथेच लग्न झालं, तिथेच निवृत्त झाले. संसार चांगला झाला, त्याची तक्रार नाही. पण मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं जे सुख होतं, ते पुन्हा मिळालं नाही.

आणि अक्का. तिला कुणीच नीट समजावलं नाही. भाऊ तर घरात म्हणायचेच, "तुरटीपायी पोरीची नोकरी गेली." मी माहेरी गेले की तिला सांगायची, "अक्का, तुझी काही चूक नाही. तू पाणी स्वच्छ केलंस, बस." ती ऐकून घ्यायची आणि जाताना माझ्या हातात काहीतरी कोंबायची, गूळ, शेंगदाणे, कधी नवं पातळ, जणू काही फेडायचं होतं तिला. शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसले होते, तर म्हणाली, "माह्या हातानं वाटोळं झालं वं तुह्यं." मी ओरडले, "नाही झालं! त्यांनी केलं!" शेजारच्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. मरणाऱ्या माणसावर ओरडते म्हणून. अक्कानं डोळे मिटून घेतले होते. तिला ते ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. यासाठी मी सरोदे सरांना माफ केलेलं नाही, भाऊंनाही नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसांवर राग धरू नये. का धरू नये? गेले म्हणजे सुटले का?

मागच्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. जळगावला पीएचडी करते. कुणाकडून तरी माझा नंबर मिळाला होता. म्हणाली, "मॅडम, तुम्ही सरोदे सरांच्या विद्यार्थिनी ना? त्यांनी शोधलेला तो पॅरामेशियम मी दोन वर्षं शोधतेय. असोदा, मुक्ताईनगर, तापीकाठचं एकूणएक डबकं पाहिलं. कुठेच नाही." मी खुर्चीत ताठ बसले. तिला सगळं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता. मग चाचरत म्हणाली, "पण मॅडम, माझे गाइड म्हणतात, सापडत नाही तर तसं लिही, की प्रदूषणामुळे नामशेष झाला. त्यावर वेगळा पेपर होईल म्हणतात."

ऐका आता! जो प्राणी कधी नव्हताच, तो आता नामशेषही झाला. त्याच्यावर दुसऱ्या कुणाला पदवी मिळणार, आणि ती तपासायला कुठून तरी कुणीतरी सफारी घालून येणार. मी म्हटलं, "पोरी, खरं ते लिही. मी सांगितलं असं लिही. माझं नाव घाल, लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही. लागलं तर मी येऊन तुझ्या गाइडसमोर बसते."

ती पुटपुटली, "सर फार रागावतील मॅडम."

"रागावू देत," मी म्हटलं. "मी इतकी वर्षं रागावलेली आहे. त्यानं माणूस मरत नाही."

फोन चालूच होता. पलीकडे टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "थांबा मॅडम, पेन घेते. तुमचं पूर्ण नाव सांगा."